बारीक आहे म्हणून बिनधास्त? शरीरातल्या छुप्या दाहाची गोष्ट

ज्यांना हा एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

मी सिल्लोडचा. आमचं गाव मिरचीच्या मार्केटचं, त्यामुळे दाह म्हटलं की आम्हाला आधी ठेचा आठवतो. पण आजचा दाह वेगळा. पायात काटा घुसला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते आणि चार दिवसांत बरी होते. हे शरीराच्या संरक्षण यंत्रणेचं काम, म्हणजेच इन्फ्लमेशन. ते गरजेचंच आहे. अडचण कधी येते? ही यंत्रणा हळू आवाजात पण कायम चालू राहिली तर. ताप नाही, दुखणं नाही, आणि आतल्या आत रक्तवाहिन्या खराब होत राहतात, इन्सुलिनचं काम बिघडतं.

आता माझंच सांगतो. वजन ६३ किलो, मित्र मला 'काडी पैलवान' म्हणतात. ऑफिसच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ५.९ निघाली. मधुमेहाच्या उंबरठ्यावर! वडील साठीत आहेत, अजून शेतात राबतात, त्यांची साखर एकदम नॉर्मल. म्हटलं, असं कसं?

उत्तर पुण्यात सापडलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! दिसायला बारीक, आतून चरबी जास्त. आपल्याकडे असे लोक भरपूर आहेत. पुढे याज्ञिकांच्या गटाने पुणे भागातल्या खेड्यातल्या आणि शहरी पुरुषांची तुलना केली. शहरी मध्यमवर्गीयांमध्ये चरबी जास्त होती आणि रक्तातलं सीआरपीही जास्त होतं. सीआरपी म्हणजे दाह वाढला की लिव्हर जे प्रोटीन जास्त बनवतं ते.

पोटातल्या चरबीचा इथे काय संबंध? ती नुसती साठवण नाही. तिथल्या पेशी फुगल्या की संरक्षण पेशी तिकडे गोळा होतात आणि दाहाचे संदेश रक्तात सोडतात. त्यात आपण सारखं गोड आणि मैद्याचं खाल्लं, की पेशींना गरजेपेक्षा जास्त इंधन मिळतं. इंधन जळताना फ्री रॅडिकल्स तयार होतात. शरीराला आवरता येतील त्यापेक्षा ते जास्त झाले की तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. दाह त्याला वाढवतो, तो दाहाला वाढवतो.

आता गंमत बघा. व्यायाम करतानाही फ्री रॅडिकल्स वाढतात! पण थोड्या वेळासाठी. तेवढ्यानं शरीर जागं होतं आणि त्यांना आवरणारी स्वतःची एन्झाइम्स वाढवतं. शिवाय काम करणारे स्नायू दाह शमवणारे संदेश सोडतात. मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतल्या तर डबल फायदा? उलट! जर्मनीत २००९ मध्ये तरुणांना चार आठवडे व्यायाम दिला. त्यातल्या काहींना रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि सोबत व्हिटॅमिन ई दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांचं इन्सुलिन जास्त चांगलं काम करू लागलं, गोळ्या घेणाऱ्यांना तो फायदा मिळालाच नाही. गोळ्यांनी व्यायामाचा निरोपच दाबून टाकला.

पेरू-आवळा खायला काहीच हरकत नाही, बरं का. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, मटकी, मेथी, शेंगदाणे यांतला फायबर आतड्यातले जिवाणू खातात आणि त्यातून दाह कमी करणारी आम्लं तयार होतात. आपल्या आजीचं ताट काही वाईट नव्हतं. वाईट आहे ते दिवसात चार गोड चहा, बिस्किटं आणि बारा तास खुर्ची.

मी काय बदललं? जेवणानंतर पंधरा मिनिटं चालतो, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. आठवड्यातून दोनदा जोर-बैठका. डब्यात उसळ. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल सांगते. रोजची बावीस मिनिटंसुद्धा होत नाहीत.

तुम्ही आज एकच करा. वजनकाटा सोडा, टेप घ्या आणि कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या पुढे, बायकांची ८० च्या पुढे असेल, किंवा घरात कुणाला मधुमेह असेल, तर डॉक्टरांना दाखवून साखर तपासून घ्या. गोळ्या मात्र त्यांनी सांगितल्याशिवाय सुरू-बंद करू नका.

माझी पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. आकडा काय येईल तो इथेच सांगेन, वाढला तरी. भेटू पुढच्या भागात!