पानावर पडेल तोच प्रकाश

मंडईत ढिगाने जुड्या मिळत असताना घरात दिवे लावून पालेभाजी कोण पिकवतं, असं पाहुणे हमखास विचारतात. मेथी-कोथिंबिरीपुरतं माझंही उत्तर 'कोणी पिकवू नये' असंच आहे. त्यांना गच्चीवरचं फुकटचं ऊन पुरतं. पण पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीची एकुलती खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. तिथे लोखंडी रॅकवर एलईडी पट्ट्या बांधून मी लेट्युस, पाकचोय आणि थोडा पालक घेतो.

एलईडीवरची शेती म्हटलं की लोकांना जांभळा उजेड आठवतो. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश सर्वाधिक शोषतं, म्हणून सुरुवातीच्या दिव्यांत हे दोनच रंग असत. 'नासा'ने २०१४ मध्ये अंतराळ स्थानकात पाठवलेल्या 'व्हेजी' पेटीत जोडीला हिरवे दिवेही होते, भाजी निदान खाण्यासारखी दिसावी म्हणून. २०१५ च्या ऑगस्टमध्ये अंतराळवीरांनी त्यात वाढलेलं लाल लेट्युस खाल्लं. माझ्या पट्ट्या साध्या पांढऱ्या आहेत. जांभळ्या उजेडात पान पिवळं पडतंय की नाही तेच कळत नाही, आणि रोज बघायचं तर असतं पानाकडेच.

आपले डोळे इथे दगा देतात. ट्यूबलाइटची खोली आपल्याला लख्ख वाटते, पण तिथे जेमतेम ३००-५०० लक्स उजेड असतो. लेट्युसला पानाच्या उंचीवर चौरस मीटरला दर सेकंदाला सुमारे २०० मायक्रोमोल प्रकाशकण लागतात, म्हणजे पांढऱ्या एलईडीचे १४,००० लक्सच्या आसपास, तेही रोज सोळा तास. उजेड कमी पडला की चारच दिवसांत रोपाची मान सुतासारखी लांबते आणि ते आडवं होतं. पालकाची तऱ्हा उलटी. सोळा तास दिवस मिळाला की तो पानं सोडून फुलावर येतो. त्याच्या कप्प्याचा टायमर वेगळा, बारा तासांचा.

लोक दिव्याच्या वॉटवरून घासाघीस करतात. मला विचाराल तर वीज वाचते ती मांडणीत. नर्सरीतला ९८ कप्प्यांचा प्रो-ट्रे साधारण दोन फूट बाय एक फुटाचा. तीच ९८ रोपं मोठी झाली की त्यांना चार चौरस मीटर जागा लागते. बी टाकल्या दिवसापासून त्यांना ऐसपैस बसवलं, तर पहिले दोन आठवडे बहुतेक प्रकाश रिकाम्या ट्रेवर पडतो. म्हणून पहिले पंधरा दिवस सगळी रोपं एका पट्टीखाली दाटीवाटीने, पानाला पान टेकलं की अर्धी उचलून रॅकच्या दुसऱ्या कप्प्यात, मग आणखी विरळ. काम कंटाळवाणं आहे, कोकोपीट नखांत जातं. कप्प्यांच्या बाजूंना पांढरे पत्रे लावले आहेत, नाहीतर कडेचा उजेड भिंतच खाते.

उन्हाळ्यात दिवस रात्री करावा लागतो. टायमर संध्याकाळी सातला दिवे लावतो, सकाळी अकराला मालवतो. दिव्यांची उष्णता आणि दुपारचा उकाडा एकत्र नको. त्यातच छोटा पंखा सतत फिरता हवा. हवा साचली की पानांतून पाणी उडत नाही, पाण्याबरोबर जाणारं कॅल्शियम आतल्या कोवळ्या पानांपर्यंत पोचत नाही, आणि गड्ड्याच्या आत टोकं तपकिरी करपतात. खताच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं तरी. वरून पाहिलं तर काहीच दिसत नाही; बाहेरची दोन पानं बोटाने बाजूला सारावी लागतात.

आता हिशेब. चांगली पट्टी एका ज्यूलमागे अडीच मायक्रोमोल देते. सगळा प्रकाश पानावर पडला असं धरलं, तर चौरस मीटरला ८० वॉट, सोळा तासांचे सव्वा युनिटच्या थोडं वर. चार आठवड्यांत छत्तीस युनिट. तेवढ्या जागेत २५ गड्डे, प्रत्येकी दीडशे ग्रॅमचे धरले तर पावणेचार किलो. म्हणजे किलोला जवळजवळ दहा युनिट, नुसत्या दिव्यांचे. महावितरणच्या बिलात शंभर युनिटनंतर दराचा टप्पा चढतो, तो वेगळाच. पंख्याचे आणि खताचं पाणी खेळवणाऱ्या पंपाचे युनिट मी अजून यात धरलेले नाहीत, आणि पाहुण्यांनी किलोचा भाव विचारला तर दिव्यांचाच तेवढा सांगतो.