शेवटच्या पोळीबरोबर एक लसही

पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, ही रीत वऱ्हाडातील अनेक व्यापारी कुटुंबांत आजही पाळली जाते. अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठांत पेढी उघडण्यापूर्वी दारातल्या कुत्र्यांना बिस्किटे घालणारे, जिनिंगच्या आवारातील राखणदार कुत्र्यांसाठी दूधभाकरी पाठविणारे गृहस्थ कमी नाहीत. ही दया मोलाची आहे. परंतु तिला सावधगिरीची जोड हवी. जेथे अन्न मिळते तेथे कुत्री जमतात, एकाच परातीत तोंड घालतात, एकाच भांड्यातले पाणी पितात. श्वसनमार्गाचे संसर्गजन्य आजार एकाकडून दुसऱ्याकडे जातात तेही अशाच ठिकाणी.

साधा खोकला आणि घातक खोकला

कुत्र्यांत नेहमी आढळणाऱ्या साथीच्या खोकल्यास ‘केनेल कफ’ म्हणतात. बोर्डेटेला हा जिवाणू, तसेच पॅराइन्फ्लुएन्झा व अ‍ॅडिनो हे विषाणू एकेकटे किंवा मिळून तो घडवितात. खोकताना-शिंकताना उडणारे तुषार, उष्टी भांडी, इतकेच नव्हे तर आपले हात व कपडे यांवाटेही तो पसरतो. संसर्गानंतर दोन ते चौदा दिवसांत, घशात काही अडकले असावे तसा कोरडा, ठसकेदार खोकला सुरू होतो. खाणेपिणे व्यवस्थित असलेले धडधाकट कुत्रे बहुधा एक ते तीन आठवड्यांत बरे होते. पिल्ले, म्हातारी कुत्री आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या जाती यांना मात्र न्यूमोनियाचा धोका असतो.

डिस्टेंपरचे स्वरूप याहून गंभीर आहे. ताप, खोकला, डोळ्यांतून व नाकातून घट्ट स्राव, जुलाब अशी त्याची सुरुवात होते. पुढे विषाणू मेंदूपर्यंत पोहोचला की स्नायू उडू लागतात, झटके येतात. त्यावर नेमके औषध नाही, केवळ आधाराचे उपचार करता येतात. लस न घेतलेली पिल्ले त्यात मोठ्या संख्येने दगावतात. म्हणूनच खोकल्याबरोबर ताप, अन्नावरील वासना उडणे, धाप किंवा डोळ्यांतून चिपडे दिसताच पशुवैद्यकाकडे जाण्यास विलंब करू नये. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, ही आपल्या भागाची मोठी सोय होय.

काय करावे?

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की लसीकरणास प्रारंभ करावा. दर दोन ते चार आठवड्यांनी पुढील मात्रा, निदान सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत द्याव्यात. नंतर वर्षाने एक मात्रा आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे. नेहमीच्या मिश्र लसीत डिस्टेंपर, अ‍ॅडिनो व पॅराइन्फ्लुएन्झा यांपासून संरक्षण असते. बोर्डेटेलाची लस वेगळी मागावी लागते. चातुर्मासात किंवा मुक्तागिरी, शिरपूरच्या यात्रेस निघताना कुत्रे सांभाळगृहात ठेवायचे असेल, तर ही लस निदान दोन आठवडे आधी पूर्ण झालेली असावी आणि तेथील इतर कुत्र्यांच्या लसीकरणाची नोंदही पाहून घ्यावी.

खोकणारे कुत्रे वेगळ्या, हवेशीर जागी ठेवावे. त्याचे ताट-पाणी स्वतंत्र असावे. निरोगी कुत्र्यांची देखभाल आधी आणि आजाऱ्याची शेवटी करून हात साबणाने धुवावेत. खोकला थांबल्यावरही निदान दोन आठवडे त्यास इतरांत मिसळू देऊ नये. गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरावा, म्हणजे श्वासनलिकेवर दाब पडत नाही. घरातील माणसांचे खोकल्याचे औषध किंवा पॅरासिटामॉल मुळीच देऊ नये. ते कुत्र्यास विषारी ठरू शकते. रस्त्यावरील कुत्र्यांना अन्न घालताना एका परातीऐवजी थोड्या थोड्या अंतरावर वेगवेगळे वाढावे आणि पाण्याची भांडी रोज घासून उन्हात वाळवावीत. डिस्टेंपरचा विषाणू ऊन, उष्णता व साबण यांपुढे टिकत नाही.

दयेची परंपरा, दयेची व्यवस्था

१८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा शहरात दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी मोतीशाह शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. मुक्या प्राण्यांसाठी व्यापाऱ्यांनी थैली मोकळी करण्याची ही परंपरा जुनी आहे. आज त्या थैलीत लसीचाही वाटा असावा. जेथे अनेक प्राणी एकत्र राहतात तेथे नव्या प्राण्यास काही दिवस वेगळे ठेवण्याची खोली आणि लसीकरणाची वही चाऱ्या-पाण्याइतकीच आवश्यक आहे.

आपल्या वऱ्हाडात या कामाचे महत्त्व आणखी मोठे आहे. चिखलदरा-धारणीपासून अकोल्याच्या नरनाळ्यापर्यंत मेळघाटचे वाघांचे रान पसरले आहे, आणि डिस्टेंपर वाघ-सिंहांनाही होतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीत या रोगाने सुमारे एक-तृतीयांश सिंह गेले. त्याचा माग गावकुत्र्यांपर्यंत पोहोचला. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत २३ सिंह मृत्युमुखी पडले, आणि त्यांतील काहींत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला हाच विषाणू आढळला. रानालगतच्या गावातील एका कुत्र्यास दिलेली लस त्या कुत्र्यापुरतीच राहत नाही.

लग्नकार्य, तपाचे पारणे, वाढदिवस अशा प्रसंगी आपल्या घरांत जीवदयेसाठी रक्कम काढली जाते. यंदा त्यातून आपल्या गल्लीतील दहा कुत्र्यांच्या लसीचा खर्च करावा, पशुवैद्यकास एका सकाळी तेथेच बोलवावे आणि पुढील मात्रेची तारीख पेढीच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.