पानांतली आई, पडद्यावरची आई

दोस्तांनो, सिनेमा बघताना रडू आलं की तुम्ही काय करता? डोळ्यांत कचरा गेल्याचं सोंग करता ना? तसं करायची काही गरज नाही, बरं का! ‘श्यामची आई’ बघताना भले भले मोठे लोक रडले आहेत.

आधी पुस्तकाविषयी. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, तेही अवघ्या पाच दिवसांत. त्यात ४२ रात्री आहेत. आश्रमातला मोठा श्याम रोज रात्री सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला. वनमालाबाई आई झाल्या आणि माधव वझे श्याम. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ मध्ये पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक याच मराठी चित्रपटाला मिळालं! गुरुजींना मात्र तो पाहता आला नाही. ते १९५० सालीच गेले होते.

आता गंमत बघा. श्यामचं गाव कोकणातलं. तिथली लाल माती, नारळी-पोफळी आपल्या नांदेड-लातुरात कुठून असणार? इथं काळी जमीन आणि ज्वारी. तरीही पुस्तक वाचताना अडत नाही. श्याम पोहायला जायला भितो, लपून बसतो. आई त्याला मारून पाठवते आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचाच जीव कळवळतो. हे वाचताना तुम्हांला कोकणातली विहीर दिसते का? नाही! तुम्हांला दिसते मामाच्या शेतातली विहीर आणि पाठीला बांधलेला पत्र्याचा डबा. आणि आई? श्याम ‘आई’ म्हणतो, पण आपल्याकडं कितीतरी घरांत हाक येते ती ‘माय’ अशीच. पुस्तकातल्या आईला ठरलेला चेहरा नसतो. म्हणून तिथं आपल्या मायचा चेहरा येऊन बसतो, आणि रडू येतं ते तिच्यासाठी.

पडद्यावर तसं होत नाही. तिथं आईचा चेहरा आणि आवाज ठरलेला असतो. म्हणून पुस्तकावर जीव असलेली माणसं सिनेमा पाहून कधी कधी हिरमुसतात. “माझ्या मनातली आई अशी नव्हती,” म्हणतात. त्यांचं चुकत नाही.

पण म्हणून सिनेमा कमी दर्जाचा, असं म्हणू नका हं. १९५३ साली नांदेड आणि लातूर हैदराबाद राज्यात होतं. निजामाची राजवट जाऊन पाचच वर्षं झाली होती. वरच्या वर्गांत उर्दूतून शिकलेले पुष्कळ जण होते आणि बायाबापड्यांपैकी फार थोड्यांना वाचता येत होतं. त्यांच्यासाठी पुस्तक म्हणजे कुलूप लावलेलं घर! सिनेमाला मात्र अक्षरओळख लागत नाही. ज्या मायला वाचता येत नाही तीसुद्धा लेकराशेजारी बसून श्यामच्या आईला भेटू शकते. हे काम पुस्तकाला एकट्यानं जमलं नसतं.

२०२३ साली सुजय डहाके यांनी हीच गोष्ट पुन्हा पडद्यावर आणली. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ कादंबरीवर चित्रपट काढणारे तेच हे. रंगीत सिनेमाच्या काळात त्यांनी मुद्दाम कृष्णधवल चित्र घेतलं. त्यालाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकच पुस्तक, दोन सिनेमे, दोन आया! मग खरी कोणती? ते ठरवायचं, तर आधी तुमच्या मनात एक आई तयार पाहिजे. म्हणून पुस्तक आधी, सिनेमा नंतर. उलट केलंत तर पुस्तक वाचताना नटीचाच चेहरा दिसत राहील आणि मायला जागाच उरणार नाही.

पालकांनाही एक विनंती. सुट्टीत रोज जेवणानंतर एक रात्र मोठ्यानं वाचा. ४२ दिवसांत पुस्तक संपेल. मग सगळे मिळून सिनेमा बघा. आणि मुलांनो, सिनेमा संपला की लगेच उठू नका. मायला विचारा, “तुला कुठं रडू आलं?” तिची जागा बहुधा तुमच्यापेक्षा वेगळी असेल. का, ते तिलाच सांगू द्या.