निकटवर्ती राउटरांमधील खंडाचे विलंबित ज्ञान

नागपूरच्या आग्नेयेस असलेले उमरेड हे तालुक्याचे ठिकाण नागपूरशी दोन मार्गांनी जोडलेले आहे, अशी कल्पना करावी : एक प्रकाशतंतूचा मुख्य मार्ग व दुसरा बिनतारी पर्यायी मार्ग. मुख्य मार्ग तुटताच वाहतूक पर्यायी मार्गाकडे वळावी, ही अपेक्षा. परंतु पुष्कळदा अर्धे मिनिट उलटले तरी उमरेडचा राउटर मृत मार्गावरच माहिती पाठवीत राहतो. सेकंदास १०० मेगाबिट वाहणारा मार्ग पूर्ण भरलेला असल्यास ४० सेकंदांत ५०० मेगाबाइट माहिती अशा रीतीने वाया जाते.

याचे पहिले कारण भौतिक स्वरूपाचे होय. दोन राउटरांच्या मध्ये स्विच असल्यास व तंतू त्याच्या पलीकडे तुटल्यास राउटरास आपल्या जवळचा दुवा शाबूतच दिसतो. मग सारी भिस्त शेजाऱ्याच्या ‘हॅलो’ संदेशांवर राहते. ओएसपीएफ या नियमावलीत हे संदेश सामान्यतः दर १० सेकंदांनी जातात. ४० सेकंद मौन राहिल्यास शेजारी मृत मानला जातो. ही गणना अखेरच्या संदेशापासून होत असल्यामुळे प्रत्यक्ष विलंब ३० ते ४० सेकंदांचा असतो.

हा विलंब टाळण्यासाठी बीएफडी ही पद्धती २०१० साली प्रमाणित झाली. तीत लहान संदेशांची अत्यंत जलद देवाणघेवाण होते. ती योजूनही विलंब राहिल्यास तीन गोष्टी क्रमाने तपासणे इष्ट ठरते.

पहिली, बीएफडीचे सत्र खरोखर प्रस्थापित झाले आहे काय? यूडीपीचे ३७८४ क्रमांकाचे द्वार वाटेत अडविले गेल्यास ते होत नाही.

दुसरी, ओएसपीएफ त्या सत्राशी जोडलेले आहे काय? नसल्यास खंड कळूनही मार्ग बदलत नाही.

तिसरी, उभयतांत ठरलेले अंतर किती? उमरेड ५० मिलिसेकंदांनी संदेश पाठविण्यास सिद्ध असले, तरी नागपूरची ग्रहणमर्यादा ५०० मिलिसेकंद असल्यास ५०० हेच अंतर ठरते. उमरेडचा गुणक ३ असल्यास नागपूरला खंड कळण्यास १.५ सेकंद लागतात. उलट दिशेचे गणित स्वतंत्र असते, हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे.

तथापि अंतर अतिशय अल्प ठेवणेही हितावह नाही. कार्यभाराने क्षणभर थबकलेला राउटर मग मृत समजला जातो आणि सुस्थितीतील मार्ग वारंवार सोडला जातो. सारांश, शीघ्रता व स्थैर्य यांचा मेळ त्या त्या मार्गाच्या प्रत्यक्ष मोजमापावरूनच घालावा लागतो.