गाव, माणसे आणि रस्ता

मुलांनो, तुम्ही शाळेत कसे येता? कोणी पायी येते, कोणी सायकलवर, तर कोणी एस.टी.ने. पण स्वतः होडी वल्हवत शाळेला जाणाऱ्या मुली तुम्हांला माहीत आहेत का? सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यात खिरखंडी नावाचे एक लहान गाव आहे. तेथील मुली कोयनेच्या जलाशयातून होडी वल्हवत पलीकडचा काठ गाठत. मग जंगलातून पायी चालत शाळेत पोहोचत. ही बातमी वर्तमानपत्रांत आली. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून तिची दखल घेतली.

उर्दूत आपण ज्याला 'आबादी' म्हणतो, तिला मराठीत 'लोकसंख्या' म्हणतात. 'आमदरफ्त' म्हणजे दळणवळण. या दोन गोष्टींचे नाते फार जवळचे आहे.

२०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख होती आणि सांगली जिल्ह्याची सुमारे २८ लाख. साताऱ्यात शंभरांपैकी ८१ माणसे खेड्यांत राहत होती, तर सांगलीत सुमारे ७५. पण सगळी खेडी सारखी नसतात. कृष्णाकाठची जमीन काळी व सुपीक आहे. तेथे ऊस पिकतो, म्हणून गावे मोठी आणि जवळजवळ आहेत. पुणे-मिरज लोहमार्ग आणि पुणे-बंगळूर महामार्ग याच बाजूने जातात.

पश्चिमेकडे सह्याद्रीच्या रांगा आहेत. तेथे डोंगरउतारावर विखुरलेल्या लहान लहान वाड्या आहेत. १९६० च्या दशकात कोयना धरणाचे पाणी दरीत पसरले आणि शिवसागर जलाशय तयार झाला. जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. धरणाने राज्याला वीज दिली. पण पलीकडच्या गावांना बामणोली किंवा तापोळ्याला येण्यासाठी लाँचची वाट पाहावी लागू लागली.

मग अशा प्रत्येक वाडीला रस्ता का मिळत नाही? डोंगरात रस्ता करणे खर्चाचे असते आणि सरकारजवळचा पैसा मर्यादित असतो. म्हणून आधी माणसे मोजली जातात. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. तिच्यात सपाट प्रदेशात किमान ५०० आणि डोंगराळ भागात किमान २५० लोकवस्तीची अट ठेवण्यात आली. डोंगरासाठी अट सैल केली, हे चांगलेच झाले. पण ज्या वाडीत शंभर-सव्वाशेच माणसे आहेत, तिने काय करावे?

येथे एक दुष्टचक्र सुरू होते. माणसे थोडी, म्हणून रस्ता नाही. रस्ता नाही, म्हणून दवाखाना दूर, शाळा दूर, भाजीपाला बाजारात नेणे अवघड. मग तरुण गाव सोडतात. जावळी-पाटणकडचे कितीतरी पुरुष मुंबईत माथाडी कामगार झाले. २०११ मध्ये राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. सातारा जिल्ह्यात मात्र ९८८ होत्या. पुरुषांचे कामासाठी बाहेर जाणे हे त्याचे एक मोठे कारण आहे. तरुण गेले की लोकसंख्या आणखी घटते आणि रस्ता आणखी लांबतो.

आजारी माणसाला डोलीत घालून डोंगर उतरणाऱ्यांना विचारा, रस्ता म्हणजे काय! ते म्हणतील, रस्ता म्हणजे वेळेवर मिळालेले औषध. होडी वल्हवणारी मुलगी म्हणेल, रस्ता म्हणजे माझी शाळा. जनगणनेत तिची नोंद एक म्हणून होते. पण तिच्या घराला ती एकच असते. म्हणून रस्ता आखताना डोकी जरूर मोजावीत. पण गरजही मोजावी.

स्वाध्याय
१. खिरखंडीच्या मुली शाळेत कशा जात?
२. कृष्णाकाठची गावे मोठी का आहेत?
३. 'दुष्टचक्र' म्हणजे काय, ते पाठाच्या आधारे सांगा.
४. तुमच्या गावातून दवाखान्यात जायला किती वेळ लागतो? पाच वाक्ये लिहा.