गाडीच्या तळाची निगराणी

कोल्हापुरातून गगनबावड्याकडे निघालेली गाडी पन्नास-पंचावन्न किलोमीटरांच्या प्रवासात दोन निराळ्या पर्जन्यप्रदेशांतून जाते. शहरात वर्षाकाठी सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या माथ्यावरील बावड्यात त्याच्या कित्येक पट. आणि तेथून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरून जो मनुष्य मालवण-वेंगुर्ल्याकडे नित्य ये-जा करतो, त्याच्या गाडीला पावसाच्या जोडीला समुद्रवाऱ्यातील क्षारांचाही संसर्ग होतो. मासळी वाहणाऱ्या टेम्पोंची अवस्था याहून कठीण, कारण बर्फ वितळून ठिबकणारे खारट पाणी हौद्याच्या सांध्यांतून सरळ चॅसीवर उतरते. गाडीच्या तळाला लावायचा गंजरोधक लेप, ज्याला गॅरेजमधील मंडळी अंडरकोटिंग म्हणतात, तो या मुलखात आवश्यक खर्चाच्या सदरात मोडतो. परंतु तो एकदा मारून घेतला की गाडीच्या तळाचा कायमचा बंदोबस्त झाला, ही जी समजूत सर्वत्र आढळते, ती माझ्या मते लेप नसण्याहूनही अधिक घातक आहे.

याचे कारण गंजाच्या स्वभावात आहे. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की पत्र्याच्या पृष्ठभागावर एक सूक्ष्म विद्युत्-रासायनिक व्यवहार सुरू होतो; पाण्यात क्षार असले तर त्याची विद्युत्-वाहकता वाढून हा व्यवहार झपाट्याने चालतो. त्यातून निर्माण होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून तो वरचा थर आतून उचलू लागतो. डांबरजन्य लेप नवा असताना लवचीक असतो; पण उन्हाळ्याची उष्णता, चाकांनी उडवलेली खडी आणि सायलेन्सरच्या बाजूची धग सोसता सोसता काही वर्षांत तो कडक होतो, त्याला केसासारखी चीर पडते, आणि त्या चिरेतून आत शिरलेले पाणी मग बाहेर पडत नाही. उघड्या पत्र्यावरचे पाणी निदान वाऱ्याने सुकते. सुटलेल्या लेपाआडचे पाणी आठवडेच्या आठवडे तेथेच राहते. वरून पाहावे तर तळ काळाभोर आणि अखंड दिसतो, आणि एके दिवशी मेस्त्रीने पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहिले की आवाज पोकळ येतो.

दसऱ्याला छत्रपती घराण्याची जी मेबॅक गाडी करवीरकरांना पाहावयास मिळते, तिच्या काळच्या मोटारी स्वतंत्र, भक्कम चॅसीवर उभ्या असत. वरचा पत्रा गंजला तरी भार पेलणारा सांगाडा शाबूत राही. आजच्या बहुतेक मोटारींत पत्र्याचे कवच हाच सांगाडा असतो, आणि तो पत्रा कित्येक ठिकाणी एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. दरवाजाखालच्या पट्ट्या, सस्पेन्शनचे आधार आणि तळाचे सांधे यांना लागलेला गंज म्हणूनच थेट प्रवाशांच्या सुरक्षिततेला भिडतो. कारखान्यात यावर तजवीज केलेली असते: विद्युत्-प्रवाहाच्या साहाय्याने चढवलेला प्रायमर आणि पुष्कळदा जस्ताचा मुलामा. एका धातूने झिजून दुसऱ्याला वाचवावे हे तत्त्व सर हंफ्री डेव्हीने १८२४ च्या सुमारास जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांवर आजमावले होते, आणि लोखंडाला जस्ताचे कवच देण्याच्या कृतीचे पेटंट फ्रान्समध्ये सोरेलने १८३७ साली घेतले. पण जस्तही खर्ची पडणारे द्रव्य आहे. त्याच्यावरचा लेप सांभाळला तरच ते पुरते.

हा सांभाळ वर्षातून दोनदा करावा. पहिली तपासणी पावसाळा सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास: गाडी रॅम्पवर किंवा लिफ्टवर घेऊन मडगार्डच्या आतल्या कडा, चाकांमागचे कोपरे आणि तळाचे सांधे येथे साचलेला चिखल साध्या पाण्याने धुऊन काढावा. पाण्याचा जोर बेताचा असावा, कारण अतिदाबाची धार सैल कडेखाली शिरून चांगला लेपही उचलते. दुसरी तपासणी वैशाखात, मृग लागण्यापूर्वी. दुरुस्ती याच वेळी करावी, कारण पत्रा तेव्हा खऱ्या अर्थाने कोरडा असतो. जेथे लेप फुगला आहे, तेथे फुगवट्याच्या पलीकडे घट्ट भाग लागेपर्यंत तो खरवडून काढावा, तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर यांनी गंज उतरवावा, जस्तयुक्त प्रायमर किंवा निदान रेड ऑक्साईड लावून तो पुरता वाळू द्यावा, आणि मगच नवा लेप द्यावा. गंजावरच लेप मारणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. गाडी विकण्यापूर्वी हा उद्योग पुष्कळदा होतो, म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने तळाच्या ताज्या काळ्या रंगाकडे संशयाने पाहावे.

फवारताना सायलेन्सर, ब्रेकच्या चकत्या, फिरते दांडे, रबरी बुश आणि वायरींचे जोड कागद-पट्टीने झाकले पाहिजेत. याहून महत्त्वाची ती दरवाजांखालची व तळाची निचऱ्याची छिद्रे: ती लेपाने बुजली तर आतल्या पोकळीत तळे साचते. अशा पोकळ्यांत डांबरी लेप निरुपयोगी. तेथे मेणयुक्त किंवा तेलकट द्रव लांब नळीने सोडावा, कारण तो सांध्यात झिरपतो आणि लहानसहान ओरखडे आपोआप झाकतो. मात्र तो धुऊन जातो, म्हणून नव्याने द्यावा लागतो. वॉशिंग सेंटरवर डिझेलमध्ये जळके ऑइल मिसळून तळावर फवारण्याची जुनी रीत स्वस्त खरी, पण इंजिनातून काढलेल्या तेलात आम्ले व धातूचे कण असतात, रबरी बुश त्याने फुगतात, आणि पहिल्याच पावसात ते गटारावाटे नदीला मिळते. पंचगंगेने एवढे सोसले आहे की ही रीत आता बंद व्हावी, असे मला मनापासून वाटते.

ऊस वाहणाऱ्या ट्रक-ट्रॅक्टरांना गळीत हंगामात निराळाच उपद्रव असतो. सांडलेला रस आणि मळी पत्र्याला चिकटते, धूळ व ओल धरून ठेवते, आणि आंबून आम्ल बनते. हंगाम संपण्याची वाट न पाहता ती कोमट पाण्याने वेळोवेळी धुतलेली बरी.

पुराचे प्रकरण सर्वांत कठीण. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगा या दोन्ही खुणा मागे टाकून चढली आणि शिरोलीजवळ महामार्गही पाण्याखाली गेला. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी इंजिन सुरू झाले की बरी झाली असे मालक समजतो. परंतु नदीचा बारीक गाळ दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्यांत जाऊन बसलेला असतो आणि तो महिनोन्‌महिने ओल सोडत राहतो. तिला लगेच लेप देऊ नये. आतील गालिचे काढावेत, निचऱ्याची छिद्रे मोकळी करून स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत पोकळ्या धुवाव्यात, काही आठवडे गाडी उन्हात व वाऱ्यात वाळू द्यावी, आणि मग आतून मेण व बाहेरून लेप या क्रमाने काम करून घ्यावे. लेपाचा हात फिरण्याआधी खरवडलेला पत्रा मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावा आणि त्याचे छायाचित्र तारखेसह गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. खासगी वाहनाच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपून ती पुढे वाढवायची वेळ येते, तेव्हा परिवहन कार्यालयात तपासणी होते. तोवर तळाच्या दरवर्षीच्या छायाचित्रांवरून कोणता सांधा केव्हापासून दुबळा होत गेला, हे मालकाला आधीच कळलेले असते आणि त्याची दुरुस्तीही वेळेत झालेली असते.