दुसरा पडदा का उजळत नाही?

बंगळूरच्या वायव्य भागातील मल्लेश्वरम ही वस्ती १८९८ च्या प्लेगनंतरच्या काळात आखणी करून वसविण्यात आली; परंतु तिचे नाव त्याहून पुष्कळ जुने आहे. काडु मल्लेश्वराच्या देवळावरून ते पडले. कानडीत ‘काडु’ म्हणजे रान. या देवळाशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी देवास एक गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख येथे आहे. बंगळूर हे त्या काळी भोसल्यांच्या जहागिरीत होते, आणि तेव्हापासून या शहरात मराठी बोलणारी घरे कमीअधिक प्रमाणात नांदत आली आहेत.

अशाच एका घरात, संपिगे रस्त्यापासून थोड्या अंतरावर, प्रस्तुत लेखकाचे काका राहतात. ते निवृत्त शिक्षक आहेत. आजोबांच्या हातची मोडी पत्रे व जमाखर्चाचे कागद त्यांच्याजवळ एका ट्रंकेत आहेत. कागद पिवळे पडून घडीवर फाटू लागले, तेव्हा त्यांनी सर्वांची छायाचित्रे घेतली आणि ती पाहून देवनागरीत उतारा करण्याचे काम हाती घेतले. एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्याची व्हावयाची. त्यामुळे चौदा इंची लॅपटॉपवर मोडीचे सलग, न तुटणारे अक्षर आणि शेजारी स्वतःचे टंकलेखन, अशी दोन्ही एकदम पाहणे त्यांना अशक्य झाले. म्हणून त्यांनी चोवीस इंची मॉनिटर आणला. एका पडद्यावर मूळ कागद, दुसऱ्यावर उतारा, असा बेत होता.

मॉनिटर जोडला, पण उजळला नाही. ‘नो सिग्नल’ ही दोन शब्दांची पाटी क्षणभर दिसे आणि पुन्हा अंधार. दुकानदाराने निदान सांगितले, “लॅपटॉपवर लिनक्स आहे ना? मग असेच होणार. ते काढून टाका.” मॉनिटर परत करण्याच्या मुदतीचे तीन दिवस उरले होते.

लिनक्सविषयी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली या कार्यप्रणालीच्या गाभ्याचा आरंभ केला, आणि तेव्हापासून जगभरच्या हजारो लोकांनी तो वाढविला. तो विनामूल्य आहे, आणि त्याची घडण कोणालाही उघडून पाहता येते. मल्लेश्वरमला तो परका नाही. वस्तीला लागूनच असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी व एका स्थानिक उद्योगातील अभियंत्यांनी मिळून ‘सिम्प्युटर’ हे हातात मावणारे गणकयंत्र घडविले आणि २००१ साली त्याचा पहिला नमुना दाखविला. ते लिनक्सवरच चालत असे. आजही पडदे चालविणाऱ्या लिनक्सच्या भागांत बंगळूरच्या अभियंत्यांनी लिहिलेला मजकूर आहे. तेव्हा दुकानदाराचे निदान घाईचे होते. काकांना ते पटले नाही, पण खरे कारण काय, हेही त्यांना सांगता येईना.

ते समजण्यासाठी आधी केबलमधून काय वाहते हे पाहू. पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० बिंदू असतात आणि संपूर्ण चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने पाठविले जाते. म्हणजे सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी बिंदू. प्रत्यक्षात यंत्र १४ कोटी ८५ लक्ष बिंदूंइतक्या वेगाने चालते, कारण प्रत्येक ओळीच्या व प्रत्येक चित्राच्या शेवटी थोडी रिकामी जागा सोडलेली असते. ही जागा जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यांची आठवण आहे. त्यात इलेक्ट्रॉनांचा झोत उजव्या कडेला पोहोचला की त्याला डावीकडे परत येण्यास अवधी द्यावा लागे. नळी गेली, झोत गेला, पण त्याच्यासाठी राखलेली विश्रांती राहिली.

एवढ्या वेगाचा प्रवाह पडद्याकडे आंधळेपणाने सोडता येत नाही. समोरचा पडदा केवढा, त्याला किती बिंदू पेलतात, किती वेग झेपतो, हे आधी विचारावे लागते. पूर्वी ही माहिती माणसाने पुरवावयाची असे. मॉनिटरच्या पुस्तिकेतील आकडे वाचून ते लिनक्सच्या एका फाइलीत हाताने लिहावे लागत. १९९४ साली मॉनिटरनेच आपली ओळख सांगावी अशी प्रमाणपद्धती ठरली. तेव्हापासून प्रत्येक मॉनिटरच्या पोटात १२८ बाइटांची एक लहानशी ओळखपत्रिका असते. तिला ‘ईडीआयडी’ म्हणतात. आरंभी ठराविक आठ बाइटांची खूण, मग बनविणाऱ्याची तीन अक्षरे, बनविल्याचे वर्ष, पडद्याची लांबीरुंदी सेंटिमीटरमध्ये, आणि त्याला सर्वांत मानवणारे बिंदुमान. शेवटचा बाइट असा निवडलेला असतो की सर्व १२८ आकड्यांच्या बेरजेस २५६ ने निःशेष भाग जावा; भाग गेला नाही तर पत्रिका वाटेत बिघडली असे लॅपटॉप समजतो. वाण्याच्या वहीत पानाखाली बेरीज मांडतात, तसाच हा ताळा आहे.

एचडीएमआय या नेहमीच्या जोडणीत एकोणीस टोके असतात. चित्र वाहणाऱ्या जोडतारा त्यांतल्या काहींना असतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाची टोके मात्र इतर चार आहेत. लॅपटॉप अठराव्या टोकावर पाच व्होल्टचा दाब ठेवतो. मॉनिटर तो एकोणिसाव्यावर परत दाखवितो, तेव्हा ‘कोणीतरी जोडले गेले’ हे कळते. मग पंधराव्या व सोळाव्या टोकांवरून ओळखपत्रिका सावकाश वाचली जाते. त्यानंतरच चित्र निघते. म्हणजे प्रकाशाच्या आधी एक संभाषण आहे, आणि पडदा काळा राहिला तर ते संभाषण कोठे तुटले हे शोधावयाचे असते.

लिनक्सचा मोठा गुण असा की हे संभाषण तो लपवीत नाही. ‘सिस’ नावाच्या त्याच्या कपाटात ‘डीआरएम’ असा एक खण असतो, आणि त्यात लॅपटॉपच्या प्रत्येक पडदा-जोडणीच्या नावाचा कप्पा. कप्प्यातील ‘स्टेटस’ ही फाइल वाचली की ‘कनेक्टेड’ किंवा ‘डिसकनेक्टेड’ एवढा एकच शब्द मिळतो. त्या एका शब्दावरून अंधाराचे तीन प्रकार वेगळे काढता येतात, आणि काकांच्या घरी आम्हांस ते तिन्ही एकापाठोपाठ भेटले.

पहिला प्रकार, ‘डिसकनेक्टेड’. लॅपटॉपला जोडणी ठाऊक आहे, पण पलीकडे कोणी आहे असे त्याला कळलेले नाही. काकांनी मॉनिटर यूएसबी-सी या लहान, दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या जोडणीने जोडला होता, आणि केबल होती दूरध्वनी भारित करण्याची. २०१४ साली आलेल्या या जोडणीत चोवीस टोके असतात. पण स्वस्त भारण-केबलीत बहुतेकांना ताराच नसतात. वीज जाते, चित्रासाठी वाट नसते. शिवाय केबल पूर्ण असली तरी लॅपटॉपचे प्रत्येक यूएसबी-सी भोक चित्र बाहेर पाठवीलच असे नाही; काही भोके केवळ विजेची, काही केवळ माहितीची. बाहेरून सर्व सारखीच दिसतात. या जोडणीच्या रचनाकारांनी सोयीसाठी एकच आकार ठेवला आणि ग्राहकाचा गोंधळ कायमचा करून ठेवला, असे म्हणावेसे वाटते.

आम्ही आठव्या क्रॉसवरून एचडीएमआय केबल आणली. अंधार तसाच. आता खण उघडून पाहिला, तर त्यात एचडीएमआयच्या नावाचा कप्पाच नव्हता.

हा दुसरा प्रकार, आणि नव्या लॅपटॉपांत तोच अधिक आढळतो. पुष्कळ लॅपटॉपांत चित्र घडविणारी दोन यंत्रे असतात: एक मुख्य प्रक्रियकातच असलेले, कमी वीज खाणारे; दुसरे स्वतंत्र व बलवान. अंगचा पडदा पहिल्यास जोडलेला असतो, आणि एचडीएमआयचे भोक मात्र कित्येकदा दुसऱ्यास. यंत्र चालविण्यासाठी कार्यप्रणालीत त्याचा ‘ड्रायव्हर’ लागतो. लॅपटॉप लिनक्सच्या गाभ्याहून नवा असेल, तर त्या गाभ्यास हे दुसरे यंत्र ओळखूच येत नाही. अंगचा पडदा झकास चालतो, म्हणून कोणास शंका येत नाही. पण भोकामागे कोणी बसलेलेच नसते. येथे केबल बदलून किंवा मॉनिटर परत करून काही साधणार नाही. गाभा अद्ययावत करावयाचा आणि योग्य ड्रायव्हर बसवावयाचा, हाच उपाय.

ड्रायव्हर बसविला. लॅपटॉप पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा आला, काकांनी “हे काय?” म्हणेपर्यंत दहा सेकंद उलटली, आणि तो निघून गेला. कप्पा दिसेना तो दिसेनाच. त्या निळ्या पडद्याची हकीकत अशी: यंत्र सुरू होताना कोणी परका मजकूर शिरू नये म्हणून लॅपटॉपमध्ये ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारा असतो. नव्या ड्रायव्हरवरील सही त्या पहारेकऱ्याच्या ओळखीची नव्हती. ती ओळख नोंदविण्यासाठीच निळा पडदा आला होता, आणि बसविताना ठरविलेला परवलीचा शब्द तेथे द्यावयाचा होता. अनेकांचे घोडे येथेच अडते, कारण सूचना इंग्रजीत, कोरडी आणि घाईची असते. दुसऱ्या खेपेस काकांनी कागदावर लिहून ठेवलेला शब्द एकेक अक्षर करून दिला. लॅपटॉप सुरू झाला, खणात एचडीएमआयचा कप्पा आला, आणि आत शब्द होता ‘कनेक्टेड’. ओळखपत्रिकाही वाचलेली होती: ५३ सेंटिमीटर रुंद, ३० उंच.

पडदा मात्र काळाच. लेखकाने सर्व आज्ञा पुन्हा तपासल्या. लॅपटॉपच्या मते चित्र जात होते. हा तिसरा प्रकार: संभाषण पुरे झाले आहे, चित्र निघाले आहे, पण पाहणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे आहे. कारण काकांना सापडले. त्यांनी मॉनिटरच्या खालच्या कडेचे बटण दाबून पाहिले. मॉनिटर पहिल्या दिवसापासून यूएसबी-सीच्या भोकाकडेच कान लावून बसला होता. एचडीएमआय निवडले आणि पडदा उजळला. “तीन तास तू आत शोधत होतास,” ते म्हणाले, एवढेच.

शाळांच्या उपयोगाची एक गोष्ट येथेच सांगणे बरे. वर्गातील जुना प्रक्षेपक पुष्कळदा १९८७ सालच्या पंधरा टोकांच्या व्हीजीए जोडणीने जोडलेला असतो, आणि भिंतीतून नेलेल्या लांब केबलीत ओळखपत्रिकेच्या तारा कित्येकदा जोडलेल्याच नसतात. अशा वेळी चित्र येते, पण लिनक्स अंदाजाने १०२४ गुणिले ७६८ किंवा त्याहून कमी बिंदूंवर थांबतो, आणि अक्षरे फुगीर व अंधुक दिसतात. दोष प्रक्षेपकाचा नसतो. त्याचे नाव कोणी विचारू शकले नाही, एवढेच झालेले असते. आखूड व पुरी केबल लावून पाहिली की खात्री पटते.

आता अक्षरांविषयी. काकांच्या दोन्ही पडद्यांवर आडवे बिंदू १९२० च आहेत. पण लॅपटॉपचा पडदा ३१ सेंटिमीटर रुंद, मॉनिटर ५३. सोळा बिंदू उंचीचे अक्षर पहिल्यावर सुमारे २·६ मिलिमीटर होते, दुसऱ्यावर ४·४. याउपर प्रत्येक पडद्यास वेगळे प्रमाण देता येते. लिनक्सवरील पडदे रंगविण्याच्या जुन्या व्यवस्थेत हे अवघड होते. २००८ साली आरंभलेल्या ‘वेलँड’ या नव्या व्यवस्थेत ते सेटिंगमधून होते. लॅपटॉपवर दीडपट, मॉनिटरवर सव्वापट, असे आम्ही ठेवले आणि ‘एकच चित्र दोन्हींकडे’ ऐवजी ‘पडदा वाढवा’ हा पर्याय निवडला.

काकांनी मोठ्या पडद्यावर १२ क्रमांकाचा कागद उघडला. त्यातील तिसऱ्या ओळीतल्या एका शब्दावर ते दोन दिवस अडले होते आणि उताऱ्यात तेथे प्रश्नचिन्ह होते. चश्मा कपाळावर सारून त्यांनी तो शब्द पाहिला, ‘तपसील’ असे मोठ्याने वाचले आणि प्रश्नचिन्ह खोडले. मॉनिटरचे खोके त्यांनी अजून टाकलेले नाही. मोडीचे कागद ट्रंकेतून काढून ते आता त्यात सपाट ठेवले आहेत.